उजव्या टोकाचे सूर

११ जानेवारी

आजपासून लिहायला सुरुवात. कारण साधं आहे, घरात बोलायला माणूस नाही. म्हणजे हे आहेत. समोर बसून चहा पितात, पाव खातात, वर्तमानपत्राची घडी घालतात, पण बोलत नाहीत. पूर्वी ह्यांच्या तोंडाला विसावा नसायचा. गिऱ्हाईक व्हायोलिन घ्यायला आलं की आधी त्याला चार गोष्टी ऐकाव्या लागायच्या, मग व्हायोलिन मिळायचं. आता कधीकधी नुसते ओठ हलल्यासारखे दिसतात. मी ‘काय?’ म्हणते. ‘काही नाही,’ म्हणतात. मग मीही विचारायचं सोडून दिलंय.

रस्ताही तसाच झालाय. आमचं वाद्यांचं दुकान खाली आणि आम्ही वर. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घरातलं घड्याळ केवळ शोभेचं होतं. समोरच्या बूटवाल्याचं शटर उघडलं की अख्खी बाजारपेठ उठायची. मग शिंप्याकडची मशीनं, सायकलींच्या घंट्या, भांडीवाल्याची ठाकठोक, आणि सिनेमाच्या वरच्या खोलीत कारखान्याच्या बँडची तालीम. त्या गोंगाटात मी मुलीला झोपवायची आणि ती झोपायची.

मग कारखाना बंद पडला. गावाबाहेरून मोठा रस्ता गेला, त्या रस्त्यावर मोठी दुकानं आली आणि इथली एकेक करून मिटली. आता सकाळी खिडकीशी उभी राहते तर काही नाही. बूटवाला अजून शटर उघडतो. ते वर जाताना दिसतं, पण खडखडाट दोन रस्ते सोडून पलीकडून आल्यासारखा. तेल घातलं असेल. एवढ्या वर्षांत घातलं नाही ते आता, ऐकायला कोणी उरलं नसताना.

१९ जानेवारी

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी नगरपालिकेत लागलीय. लहानपणापासून एका जागी बसत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. आज भिंगरीनं सगळ्या दुकानदारांना बूटवाल्याकडे बोलावलं होतं. तिच्या डोक्यात एक संगीत महोत्सव आलाय. तीन दिवस बाजारपेठ गाड्यांना बंद. मिटलेल्या दुकानांचे दरवाजे उघडायचे आणि प्रत्येकात गाणं-वाजवणं. चौकात मोठा मांडव. सिनेमागृह झाडून-पुसून तिथे मुख्य कार्यक्रम. आणि हे दर वर्षी करायचं.

चष्मेवाला म्हणाला, “गाणं ऐकायला येतील आणि ऐकून जातील. चष्मा कोण घेणार?” हे मला नीट ऐकू आलं, कारण तो ओरडूनच बोलतो. बाकी सगळे तोंडातल्या तोंडात. हल्ली लोकांना शब्द पूर्ण उच्चारायचा कंटाळा आहे.

शेवटी भिंगरीनं माझ्याकडे बघून विचारलं, सगळ्यांना प्यायला देशील का. मी म्हटलं, “देईन की. त्यात विचारायचं काय?” तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बूटवाल्याचे डोळे भरून आले. चहाला एवढ्या टाळ्या. माणसं किती दिवसांत कुणाकडे गेली नसतील.

२० जानेवारी

टाळ्या चहाला नव्हत्या.

आज सकाळी भिंगरी टेप घेऊन आली आणि दुकानातला पियानो मोजायला लागली. म्हणाली, “मावशी, तू काल एका क्षणात हो म्हणालीस. मला वाटलं होतं, महिनाभर मागे लागावं लागेल.” म्हणजे तिनं ‘पियानो देशील का’ विचारलं होतं. इतकं पुटपुटत विचारायची गोष्ट आहे का ही? पण आता फिरवाफिरव कशी करणार? मी म्हटलं, “एकदा हो म्हटलं म्हणजे हो.” हे मागे उभे राहून माझ्याकडे बघत होते. हसत होते असं म्हणवत नाही.

हा पियानो सासऱ्यांनी आणला तो दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवला, तेव्हापासून हललेला नाही. विकायला नव्हताच. मी विशीत असताना व्हायोलिनची तार घ्यायला आले होते. सासरे पियानोवर काहीतरी वाजवत होते. मी तार घेतली आणि जाता जाता सांगितलं, वरच्या पट्टीतला एक सूर उतरलाय. त्यांनी हात थांबवला, मला जवळ बोलावलं, डोळे मिटायला लावले आणि एकेक पट्टी वाजवून विचारलं. मी बिनचूक सांगत गेले. त्यांनी आत हाक मारली, “अरे बाहेर ये, हिचा कान बघ.” आतून लाकडाच्या भुशानं माखलेले हे आले आणि खरोखर माझा कान बघायला लागले.

बाकीच्या मुलींना नवरा पसंत करतो. मला सासऱ्यांनी केलं, आणि तेही कानावरून. तेव्हापासून आमच्याकडे वाटणी ठरलेली. लाकूड ह्यांचं, सूर माझा.

२ मार्च

सकाळी खाली गेले तर हे आधीच पियानोचं झाकण उघडून आत वाकलेले. विचारलं तर म्हणे धूळ पुसतोय. परवा शाळेचा पियानो मी सुरात लावून आले, तर काल हे त्या शाळेत ‘पियानोचा पाय हलतोय का बघायला’ गेले होते. एवढी धूळ आणि एवढे हलणारे पाय मी जन्मात पाहिले नाहीत. निवृत्तीच्या वयात माणसं काहीतरी काम शोधत असतात. असू दे.

१७ मार्च

जेवताना ह्यांनी माझ्या दंडाला हात लावला, मी वर बघेपर्यंत थांबले आणि म्हणाले, “चष्मेवाल्याची बहीण कानाची डॉक्टर आहे. दोघंही जाऊन येऊ. माझेही तपासून घेऊ.”

मी म्हटलं, “तुमचे तपासा. मी वरून हाका मारून थकते, तुम्ही ओ देत नाही. माझ्या कानावर हे दुकान उभं आहे.”

त्यांनी ताट उचललं आणि आत गेले. नंतर वाईट वाटलं, पण असं बोलतात म्हणजे काय? सुताराला कोणी म्हणेल का, चल, तुझे हात तपासू.

९ जून

भिंगरीनं मिटलेली दुकानं उघडायला सुरुवात केली. मालकांकडून किल्ल्या मिळवल्या, नाही मिळाल्या तिथे कुलपं तोडायची परवानगी मिळवली. आज शिंप्याचं उघडलं. मी मुद्दाम गेले. भिंतीवर अजून खडूच्या खुणा, कुणाच्या तरी बाहीची लांबी, कुणाची छाती. कोपऱ्यात मोठा आरसा, त्यात मी. ह्या आरशासमोर लेकीचा शाळेचा गणवेश बेतला होता. शिंपी तोंडात टाचण्या धरून बोलायचा आणि तरी त्याचा शब्द न् शब्द कळायचा. आता टाचण्या नसताना कळत नाही लोकांचं.

त्याची धाकटी मुलगी शाळा सुटली की आमच्या दुकानात यायची. हात धुऊन ये म्हटलं की दोनदा धुऊन यायची आणि पियानोवर बसायची. आधी मी शिकवलं, मग मला शिकवण्यासारखं उरलं नाही. शहर सोडून गेली आणि मोठी झाली. तिचे फोटो छापून येतात. भिंगरीनं तिला विचारलं, तर तिनं एकच विचारलं म्हणे, “काकूंचा तोच पियानो असेल?” ती येतेय. पहिल्या दिवशीचा पहिला कार्यक्रम तिचा.

संध्याकाळपासून तिच्या लहान बोटांचा विचार करतेय. मला तो आवाज जसाच्या तसा आठवतो. इतका स्वच्छ, की आत्ता खाली कोणी वाजवत असेल तरी एवढा येणार नाही.

१४ सप्टेंबर

पियानो गेला. सिनेमागृहापर्यंत फार तर पन्नास पावलं, पण अर्धा दिवस लागला. सासऱ्यांनी आधी पियानो आत आणला होता आणि मग दुकानाचं दार बसवलं होतं. हे कोणाच्या ध्यानातच नाही. हमाल पियानो धरून दारात उभे, आणि दार म्हणतंय, मी काही रुंद होणार नाही. हे पळत जाऊन अवजारं घेऊन आले आणि चौकटच काढली. बूटवाला मधे उभा राहून सगळ्यांना सूचना देत होता, त्या कोणी ऐकत नव्हतं. पियानो रस्त्यावर आला तेव्हा सगळ्या दुकानांतून माणसं बाहेर आली. चष्मेवाल्यानं टोपी काढली, जसं काही वरात नाहीतर अंत्ययात्रा चालली आहे.

दुकानात फरशीवर जिथे पियानो होता तेवढाच चौकोन उजळ राहिलाय. मी त्यावर पाय देत नाही.

१७ सप्टेंबर

नणंदबाई जिन्यात पडल्या, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन आहे, ह्यांना जायलाच हवं. एकच बहीण. बॅग भरताना दोनदा थांबले. शेवटी माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, “पियानो हलवलाय, तो उतरणार. ह्या वेळी बाहेरून कुणाला बोलावू या? तुला बाकी कामं आहेत.”

मी विचारलं, “कोणाला बोलावता? त्या काट्याच्या यंत्राकडे बघत सूर लावणाऱ्यांना?” मला ती यंत्रं अजिबात आवडत नाहीत. चष्मा लावून फुलाचा वास घेतल्यासारखं ते.

“मी आहे ना,” म्हटलं. “तुम्ही बहिणीकडे बघा.”

बराच वेळ बॅगेचा पट्टा ओढत राहिले. मग गेले. मला राग आलाय. उभ्या आयुष्यात ह्या माणसानं माझ्या कामाबद्दल शंका काढली नव्हती.

२१ सप्टेंबर

पियानो लावला. सबंध दिवस घेतला. सिनेमागृहात मी एकटी, झाडू मारणारी बाई, आणि लाल खुर्च्यांच्या रांगा. ह्याच खुर्च्यांत लग्नानंतर आम्ही दर शनिवारी बसायचो, आणि हे सिनेमाच्या मधेच मला ‘पुढे काय होणार’ ते सांगायचे. चुकीचं सांगायचे.

खालचे आणि मधले सूर मस्त लागले. घुमतात तिथे. वरचे बारीक लागले, त्या मोठ्या जागेत विरून जातात. पण हात जाणतो कुठे थांबायचं. तार ताणायची किल्ली फिरवताना मनगटाला कळतं. बरोबर लागला असणार.

२३ सप्टेंबर

उद्या महोत्सव. आज संध्याकाळी शिंप्याची मुलगी आली. दारातूनच धावत येऊन मिठी मारली. केसांत पांढरं दिसतंय तिच्या. मग पियानोशी गेली आणि बसायच्या आधी हात पुसले. मला हसू आलं.

वाजवायला लागली. मी पहिल्या रांगेत. खालून सुरुवात केली, छान भरीव. मग बोटं उजवीकडे गेली आणि ती थांबली. पुन्हा वाजवलं. पुन्हा थांबली. भिंगरीकडे बघितलं, भिंगरीनं खाली बघितलं. मला समजलं, काहीतरी आहे आणि मला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

मी वर मंचावर गेले. म्हटलं, “काय झालं ते सांग. सरळ सांग.”

ती म्हणाली, “काही नाही काकू, जरा वरचे…”

“वाजव,” म्हटलं. “एकेक वाजव. मी सांगते कुठला उतरलाय.”

मी डोळे मिटले. सासऱ्यांसमोर मिटले होते तसे. ती वाजवत गेली. सूर वर चढत गेले, बारीक झाले. मग बराच वेळ काही नाही. नुसतं टक, टक, लाकडावर लाकूड. मी म्हटलं, “वाजव ना. थांबलीस का?”

मी डोळे उघडले. तिचं बोट पट्टीवर होतं. ती वाजवत होती. आत हातोडी तारेवर आपटत होती, मला दिसत होतं. ती शेवटपर्यंत गेली, उजव्या टोकापर्यंत. टक, टक, टक.

मी विचारलं, “हे तुला ऐकू येतंय?”

तिनं मान डोलावली. तिच्या डोळ्यांत पाणी. मला पाणीबिणी काही आलं नाही. मी पियानोचं झाकण लावलं आणि म्हटलं, “ह्यांना फोन करा.”

घरी येऊन हे लिहिते आहे. मला ऐकूच येत नाही, तर एवढी वर्षं त्या शाळेचा पियानो, त्या व्हायोलिनच्या बारीक तारा, ते सगळं बरोबर कसं लागत होतं? कोणी कधी परत घेऊन आलं नाही.

धूळ पुसायचे हे. आणि पाय बघायला जायचे.

२४ सप्टेंबर

पहाटेची गाडी पकडून हे सकाळी उतरले, तसेच सिनेमागृहात आले. मी मंचावर बसून होते. त्यांनी कोटाच्या खिशातून ते काट्याचं यंत्र काढलं. लपवायचंही सुचलं नाही.

मी विचारलं, “किती वर्षं?”

ते माझ्यासमोर खाली बसले, म्हणजे तोंड दिसेल असे. “सहा. सात असतील.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“सांगितलं. दोनदा. पहिल्यांदा तुला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा गेलं, आणि तू आठवडाभर बोलली नाहीस.”

मला दुसरी वेळ आठवते, बरीच वर्षं झाली. मला वाटलं होतं, चेष्टा करताहेत.

“म्हणून माझ्यामागून चोरासारखं दुरुस्त करत राहिलात. मला येड्यात काढलंत.”

“सूर तूच लावत होतीस,” म्हणाले. “मी फक्त टोक धरत होतो.” मग इकडेतिकडे बघून, “ताईचं ऑपरेशन चांगलं झालं. तू विचारलं नाहीस.”

विचारलं नव्हतं, खरंच.

मग त्यांनी काम केलं. मी शेजारी उभी राहून किल्ल्या देत राहिले. एका शब्दानं बोलले नाही, पण दिल्या.

२५ सप्टेंबर

काल वेळ झाला नाही. शिंप्याची मुलगी वाजवत असताना मी पहिल्या रांगेत नव्हते. मागे दाराशी उभी राहिले. अर्धं ऐकू आलं. उरलेलं मला पाठच होतं, ते आतून वाजत राहिलं. कोणतं बाहेरचं आणि कोणतं आतलं, शेवटी शेवटी कळेना.

मग रस्त्यावर आले. एवढी माणसं मी बाजारपेठेत शेवटची कधी पाहिली? शिंप्याच्या दुकानात दोन मुली गिटार वाजवत होत्या आणि त्यांच्यामागच्या आरशात गर्दी दुप्पट दिसत होती. भांडीवाल्याच्या ओट्यावर कारखान्याच्या बँडमधले उरलेले तिघं, पोट सुटलेले, जुना कोट बटणं न लावता घातलेला. लोक त्यांच्यापुढे नाचत होते. बूटवाल्यानं दारात खुर्च्या मांडल्या, आणि ज्यांचे पाय दुखले त्यांनी बसता बसता बूट घेतले. तो माझ्या कानाशी येऊन ओरडला, “वहिनी, इतकी वर्षं पडून राहिलेला माल संपला.” ह्याला माहीत होतं म्हणजे. कानाशी येऊन ओरडायचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी घरी गेले. रडले एकदाची. खिडकीखालून हजारो माणसं चालली होती आणि मला ते सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं. तेव्हा लक्षात आलं, मी इतकी वर्षं म्हणत होते, शहर मुकं झालं. शहर उजाड झालं होतं, ते खरं. पण जेवढं मुकं मला वाटत होतं तेवढं नव्हतं.

३० सप्टेंबर

ह्यांच्याशी बोलायला लागले. म्हणजे आधी भांडले. दूध उतू गेलं, त्यावरून सुरू करून सात वर्षांपर्यंत नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हटलं, “कधी जायचं त्या डॉक्टरणीकडे?”

८ नोव्हेंबर

कानात यंत्रं बसवली, दोन्ही कानांत. दवाखान्याच्या बाहेर आले आणि दचकले. माझीच चप्पल. एवढा आवाज करते? घरी कागद चुरगळला तर आग लागल्यासारखा. नळ म्हणजे धबधबा. माझा स्वतःचा आवाज कुठल्यातरी खवट बाईचा. ह्यांना विचारलं, “मी अशी बोलते?” म्हणाले, “आता जरा हळू बोलतेस.”

लेकीचा फोन आला. नेहमी मी म्हणायचे, तुमच्याकडची लाइन खराब आहे. आज तिचा श्वाससुद्धा ऐकला. ती काही बोलायच्या आधी तिनं श्वास घेतला, आणि मला कळलं की ती रडणार आहे.

१५ नोव्हेंबर

एवढे दिवस टाळलं ते आज केलं. पियानो परत काचेत आलाय. बसले आणि वाजवला. उजवीकडचे सूर आले. पण ते माझे नव्हेत. पत्र्यावर पत्रा. डॉक्टरीण म्हणते, सवय होईल, पण हुबेहूब पूर्वीसारखं होणार नाही. संगीताला ही यंत्रं तेवढी चांगली नसतात.

म्हणजे तो आवाज आता बाहेर कुठे नाही. तो फक्त मला आठवतो. सासऱ्यांच्या बोटांखालचा, त्या पोरीच्या बोटांखालचा. यंत्रं काढून ठेवली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

४ एप्रिल

शिंप्याच्या जागी कॉफीचं दुकान आलं. चालवणारं जोडपं तरुण आहे, महोत्सवात ती जागा पाहिली म्हणे आणि आवडली. मी मनात तयारी करूनच गेले होते की नाक मुरडायचं. पण त्यांनी भिंतीवरच्या खडूच्या खुणा पुसल्या नाहीत, वर काच लावली. आरसाही तिथेच. कॉफी कडू आहे. भांडीवाल्याच्या वरच्या खोल्यांत विद्यार्थी राहायला आलेत, संध्याकाळी गॅलरीत पाय सोडून बसतात. नगरपालिकेनं दिवे बदलले, बाकं टाकली. बूटवाला तक्रार करतो, बाकांवर बसणारे आता त्याच्या खुर्च्यांत बसत नाहीत.

पूर्वीची बाजारपेठ नाही ही. त्या लोकांपैकी निम्मे गेले आणि उरलेले माझ्यासारखे. पण खिडकीशी उभी राहिले की खाली काहीतरी चाललेलं असतं. मी यंत्रं घालून बघते, काढून बघते. घालून जास्त बरं वाटतं, हे कबूल करायला हवं.

२१ सप्टेंबर

परवापासून दुसरा महोत्सव. भिंगरीनं ह्या वर्षी नदीपर्यंतचा रस्ता घेतलाय आणि मला समितीची अध्यक्ष केलंय. मी म्हटलं, “बहिऱ्या बाईला संगीताची अध्यक्ष करतेस?” ती म्हणाली, “मावशी, तू समोरच्याला पूर्ण वाक्य बोलायला लावतेस. बैठकी लवकर संपतात.”

आज पियानो लावला. डावीकडून सुरुवात मी केली, मधे आले, तिथून पुढे थोडी. मग उठले आणि हे बसले. यंत्र उघड समोर ठेवलं होतं. मी नाक मुरडलं, पण पुसायचं फडकं त्याच्याखाली मीच अंथरलं.

२३ सप्टेंबर

उद्घाटनाला मला पाच मिनिटं बोलायचं होतं. कपडे करून ह्यांना बोलवायला खाली दुकानात आले. मागच्या खोलीत हे पाठमोरे बसून एका व्हायोलिनला सरस लावत होते. आणि बोलत होते.

“…ही खुंटी बघ. दातांनी फिरवल्यासारखी केलीय कुणीतरी. तू बघितली असतीस तर त्या माणसाचं काही खरं नव्हतं. आणि तो चष्मेवाला, काल सांगत होता…”

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी दारातच उभी राहिले.

“कोणाशी बोलताय?”

ते दचकले. सरसाचा ब्रश हातातून पडला. “तुझ्याशी.”

“मी तर वर होते.”

“असशील. सवय आहे.”

“कधीपासूनची?”

“कधीपासूनची म्हणजे? पहिल्यापासून. आधी तू ऐकायचीस. मग ऐकू येईना. म्हणून मी बोलायचं कशाला बंद करू?”

मी स्टुलावर बसले. “मग मी ‘काय?’ विचारलं की ‘काही नाही’ का म्हणायचात?”

त्यांनी ब्रश उचलला, पुसला. “तू ‘काय?’ म्हणायचीस तेव्हा घाबरलेली दिसायचीस,” म्हणाले. “मला ते बघवायचं नाही.”

बाहेरून भिंगरीची हाक आली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी हलले नाही.

“तर मग सांगा,” म्हटलं.

“काय?”

“जे जे राहिलं ते.”

“आत्ता? तुझं भाषण आहे.”

“भिंगरी करील. तिला बोलायला आवडतं.”

एवढ्या वर्षांचं, सुरुवात कुठून करायची हे त्यांनाही कळेना. मग म्हणाले, “बूटवाल्याच्या पुतण्याचं लग्न झालं, ते तुला माहीत आहे का?”

“नाही.”

“झालं. त्याची मुलगी आता शाळेत जाते.”

“मला वाटायचं, ती पोर बूटवाल्याची गिऱ्हाईक आहे.”

“मी तेव्हा सांगितलं होतं तुला. इथंच, ह्याच खोलीत. लग्नात त्याच्या बुटाचा टाका सुटला, बूटवाल्याच्या पुतण्याच्या. तर बूटवाला काय म्हणाला…”

त्यांचं तोंड सुरू झालं. हात सुरू झाले. हे पूर्वी असेच बोलायचे, मधेच अवजार उचलून, ते दाखवत. बाहेर बँडनं सुरुवात केली आणि ह्यांचा पुढचा शब्द त्यात गेला.

मी उठले, दार लावून घेतलं आणि परत येऊन बसले.

“हं,” म्हटलं. “काय म्हणाला बूटवाला?”